क्रूझवर गर्दी वाटते का? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बुकिंगपासून उतरेपर्यंतची आखणी

क्रूझला जायचा विचार मनात आला की पाठोपाठ एक धास्तीही येते. एवढे पैसे मोजून समुद्रावर जायचं आणि तिथेही रांगाच लावायच्या का? ही धास्ती अगदीच निराधार नाही. जानेवारी 2024 मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर पूर्ण भरल्यावर 7,600 प्रवासी असतात आणि त्यांच्या दिमतीला सुमारे 2,350 कर्मचारी. म्हणजे 365 मीटर लांबीच्या एका जहाजावर जवळजवळ दहा हजार माणसं. आकडा ऐकूनच कुणी म्हणेल, नको रे बाबा.

पण जहाजावरची गर्दी सगळीकडे सारखी नसते. ती ठरावीक वेळी, ठरावीक जागी साचते आणि तासाभरात विरूनही जाते. दुपारी साडेबाराला बुफेत टेबल शोधून थकलेला माणूस आणि त्याच वेळी दोन मजले खाली निवांत बसून जेवणारा माणूस एकाच जहाजावर असतात. गर्दी कुठे साचते आणि कधी विरते, ते नवख्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो नेमका त्यात सापडतो. यातलं बरंचसं बुकिंग करण्याआधीच टाळता येतं. उरलेलं जहाजावर घड्याळ सांभाळून.

पहिली पायरी : जहाजाचं गणित मांडा

प्रवाशांची एकूण संख्या बघून जहाज निवडू नका. माणशी जागा किती, ते बघा. त्यासाठी दोन आकडे लागतात आणि दोन्ही सहज मिळतात. एक, जहाजाचं ग्रॉस टनेज. नावात टन असलं तरी हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. दुसरा, प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसं धरून होणारी प्रवासी संख्या. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. येणाऱ्या आकड्याला या धंद्यात ‘स्पेस रेशो’ म्हणतात.

आयकॉनचं ग्रॉस टनेज 2,48,663 आणि केबिनमागे दोन माणसं धरली तर प्रवासी 5,610. भागाकार येतो 44. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या ‘मार्डी ग्रा’चं टनेज 1,81,808 आणि प्रवासी सुमारे 5,280, म्हणजे 34. ‘क्वीन मेरी 2’चा आकडा 55 येतो, 930 प्रवाशांच्या ‘वायकिंग स्टार’चा 51, आणि साडेसातशेच्या आत प्रवासी घेणाऱ्या ‘सेव्हन सीज स्प्लेंडर’चा तब्बल 74. ढोबळमानाने पस्तिशीच्या आत आकडा असेल तर जहाज भरल्यासारखं वाटतं, चाळीस-पंचेचाळिशीत ठीक, आणि पन्नाशीच्या पुढे ऐसपैस. जगातल्या सगळ्यांत मोठ्या जहाजांत मोडणारं आयकॉन या हिशेबात सगळ्यांत दाटीचं ठरत नाही, हे लक्षात घ्या. त्याहून कितीतरी छोटी पण जुनी जहाजं माणशी कमी जागा देतात.

आता या गणितातल्या दोन पळवाटा, कारण जाहिरातीत त्या दिसत नाहीत.

पहिली पळवाट ‘केबिनमागे दोन’ या गृहीतकात आहे. कुटुंबं एकाच केबिनमध्ये तीन-चार जण राहतात. सोफा उलगडतो, वरची घडीची खाट खाली येते आणि जहाज शंभर टक्क्यांच्या वर भरतं. मोठ्या क्रूझ कंपन्या आपल्या अहवालात 105 किंवा 108 टक्के भरणा दाखवतात तो असा. ‘डिस्ने विश’ घ्या. 1,44,000 टनेज, दोन-दोन माणसं धरली तर 2,508 प्रवासी, आकडा 57. हेवा वाटावा असा. पण हे जहाज कुटुंबांसाठीच बांधलेलं आहे आणि सगळ्या खाटा भरल्या की प्रवासी होतात सुमारे 4,000. मग तोच आकडा 36 वर येतो. म्हणून कुटुंबांच्या आवडत्या जहाजाचं गणित नेहमी कमाल प्रवासी संख्येने करा.

दुसरी पळवाट मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्रॉस टनेजमध्ये बंदिस्त जागा मोजतात, उघडा डेक नाही. जहाज मजल्यावर मजले चढवून मोठं करता येतं, वरचं छप्पर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. आयकॉन हे क्वीन मेरी 2 पेक्षा जेमतेम 20 मीटरने लांब आहे आणि प्रवासी मात्र दुपटीहून अधिक घेतं. त्यामुळे आतल्या दालनांत मोकळं वाटणारं जहाज ऊन पडलं की पूल डेकवर गच्च होऊ शकतं. तुम्हाला क्रूझवर उन्हात पहुडायचंच असेल तर डेकचा नकाशा उघडून पोहण्याचे तलाव किती, ते एकाच ठिकाणी आहेत की विखुरलेले, आणि चहूबाजूंनी फिरता येईल असा खालचा बाहेरचा डेक आहे का, एवढं बघाच. त्या खालच्या डेकबद्दल पुढे बोलतोच.

दुसरी पायरी : तारीख

जहाज तेच, पण आठवडा बदलला की माणसं बदलतात. शाळांच्या सुट्ट्या हे सगळ्यांत मोठं कारण. कॅरिबियनमध्ये मार्च-एप्रिलमधली वासंतिक सुट्टी, जुलै, आणि नाताळ ते नववर्ष. भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्ट. या दिवसांत तिसऱ्या-चौथ्या खाटा भरतात. जहाज ‘फुल्ल’ तर जानेवारीच्या मध्यातही असतं, कारण कंपन्या दर उतरवून केबिन विकतात. पण तेव्हा केबिनमागे दोनच माणसं असतात. तलावात, बुफेत आणि लिफ्टमध्ये हा फरक लगेच जाणवतो.

मोकळे आठवडे म्हणजे नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी, शाळा सुरू झाल्यानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर आणि नाताळापूर्वीचा डिसेंबरचा पहिला पंधरवडा. सप्टेंबरच्या कॅरिबियनला एक मोठा ‘पण’ आहे. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबर हा त्यातला ऐन जोराचा काळ. जहाज वादळाला वळसा घालतं, धोक्यात शिरत नाही, पण ठरलेलं बंदर बदलू शकतं. ज्याला अमुक बेट बघायचंच आहे त्याने हा महिना टाळावा. अलास्काला मे आणि सप्टेंबरमध्ये लहान मुलं कमी असतात, थंडी थोडी जास्त. भूमध्य समुद्रासाठी मी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच सुचवेन.

सफर किती रात्रींची आहे, यानेही वातावरण बदलतं. तीन-चार रात्रींच्या, शनिवार-रविवारला जोडून असलेल्या सफरींत सगळ्यांना सगळं थोडक्या वेळात उरकायचं असतं. बार भरलेले, संगीत मोठ्यानं, घसरगुंड्यांवर रांगा. सात रात्रींच्या सफरीत हीच माणसं विखुरतात. नवख्याला ‘आधी छोटी सफर करून बघ’ असा सल्ला हमखास मिळतो. खर्चाच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. मात्र ज्याला गर्दीचीच भीती आहे, त्याने छोट्या सफरीवरून क्रूझबद्दल कायमचं मत बनवू नये.

तिसरी पायरी : बंदरांवरची जहाजं मोजा

नवखे लोक जहाजावरच्या गर्दीची काळजी करतात आणि बंदरातली विसरतात. प्रत्यक्षात सगळ्यांत दाटी होते ती बंदरात, कारण तिथे तुमच्याच नाही, तर इतर चार जहाजांचेही प्रवासी एकाच सकाळी उतरतात. बहामासमधलं नासाऊ किंवा मेक्सिकोचं कोझुमेल इथे एकाच दिवशी पाच-सहा मोठी जहाजं लागलेली असणं नवलाचं नाही.

हे आधी कळतं. बहुतेक बंदरं आपलं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी जाहीर करतात आणि ‘क्रूझमॅपर’सारख्या संकेतस्थळांवर कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात कोणती जहाजं आहेत, ते बघता येतं. बुकिंगआधी सफरीतलं प्रत्येक बंदर आणि तारीख तिथे घालून बघा. एकाच मार्गावर रविवारी निघणारं आणि बुधवारी निघणारं अशी दोन जहाजं असतील तर बंदरातल्या गर्दीत कमालीचा फरक निघू शकतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या तयारीत याच अर्ध्या तासाचा मोबदला सर्वांत मोठा.

गर्दीला कंटाळून कित्येक ठिकाणांनी स्वतःच मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या प्रवाशाच्या फायद्याच्या आहेत. सुमारे 32,000 वस्तीच्या अलास्कातल्या जुनो शहरानं 2024 पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं असा करार केला. 2026 पासून तर माणसंच मोजायची ठरलं : त्या दिवशीच्या जहाजांवरच्या मिळून खाटा रविवार ते शुक्रवार 16,000 आणि शनिवारी 12,000 पर्यंतच. अलास्कातल्याच ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून हिमनद्यांसमोरची शांतता टिकून आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावाच्या रहिवाशांनी 2022 मध्ये मतदान करून दिवसाला 1,000 प्रवाशांची मर्यादा मंजूर केली. व्हेनिसनं 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांहून मोठी जहाजं सेंट मार्क चौकासमोरच्या पाण्यातून हद्दपार केली. तुमच्या सफरीवर ‘व्हेनिस’ लिहिलं असेल तर जहाज नक्की कुठे लागणार, ते विचारा. बरेचदा दुसऱ्याच बंदरातून बसने शहरात जावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस निघून जातो.

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण नवख्यांच्या यादीत ते असतंच. इथे जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज कड्याखालच्या पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून जुन्या बंदरावर आणतात. गाव आहे वर, कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्यांचा नागमोडी रस्ता. त्या रस्त्यावर खेचरंही चालतात. सकाळी चढायला रांग, पण ती सुसह्य, कारण जहाजं थोड्या थोड्या वेळानं माणसं सोडतात. खरी कसोटी परतताना. सगळ्यांना सूर्यास्त बघायचा असतो आणि सगळ्यांची शेवटची होडी साधारण एकाच सुमारास असते. त्या तासात वरच्या अरुंद गल्लीत केबल कारची रांग दुकानांपुढून वळसे घेत जाते. हातात पिशव्या, आणि सगळ्यांची नजर घड्याळाकडे. 2025 पासून तिथे दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे आणि ऐन हंगामात माणशी 20 युरो शुल्कही. तरीही परतीची वेळ शेवटच्या होडीच्या किमान दोन तास आधीची धरा. गुडघे चांगले असतील तर पायऱ्या उतरून जाणं रांगेत उभं राहण्यापेक्षा लवकर होतं. फक्त चपला घसरणाऱ्या नकोत.

कंपन्यांची स्वतःची बेटं, उदाहरणार्थ बहामासमधलं कोकोके, हा वेगळा प्रकार. तिथे इतर कंपन्यांचे प्रवासी नसतात, पण तुमच्या जहाजावरचे सगळे एकाच किनाऱ्यावर येतात. धक्क्याजवळचा किनारा आधी भरतो. दहा-पंधरा मिनिटं पुढे चालत गेलात की खुर्च्या रिकाम्या असतात.

चौथी पायरी : केबिन

गर्दीचा त्रास होणाऱ्या माणसाला बाल्कनी ही चैन नाही, गरज आहे. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते आणि तिच्यात झोप झकास लागते. पण मोकळी हवा हवी झाली की प्रत्येक वेळी सार्वजनिक डेकवरच जावं लागतं. बाल्कनी असेल तर सकाळचा चहा, बंदरात शिरतानाचा देखावा, दुपारची डुलकी, सगळं आपल्या खुर्चीत. बजेट मर्यादित असेल तर मी नव्याकोऱ्या जहाजावरची आतली केबिन सोडून जुन्या जहाजावरची बाल्कनी घेईन.

जागा निवडताना वर आणि खाली काय आहे ते बघा. पूल डेकच्या लगेच खालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, नाट्यगृहावरच्या केबिनमध्ये रात्री ढोल. वरही केबिन आणि खालीही केबिन, अशी मधली जागा सर्वांत शांत. लिफ्टच्या अगदी दाराशी नको, पण फार लांबही नको.

पैसे सैल सोडता येत असतील तर मोठ्या जहाजावरच वेगळा खाजगी विभाग मिळतो. एमएससी कंपनीचा यॉट क्लब, नॉर्वेजियन कंपनीचं द हेवन, सेलिब्रिटी कंपनीचं द रिट्रीट. वेगळं रेस्टॉरंट, वेगळा डेक, चढता-उतरताना प्राधान्य. मुलांना घसरगुंड्या हव्यात आणि आईवडिलांना शांतता हवी, अशा कुटुंबाला हे जुळतं. दोघांनाच जायचं असेल तर मात्र तेवढ्या पैशात छोट्या जहाजाची चौकशी आधी करा. आणि ज्यांना खरोखरच माणसं नकोत त्यांच्यासाठी मोहिमांची छोटी जहाजं आहेत. अंटार्क्टिकात 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी नसतात. सफर महाग आहे, पण तिथे गर्दी हा विषयच निघत नाही.

पाचवी पायरी : घरी बसूनच रांगा संपवा

बुकिंग झालं की कंपनीचं ॲप फोनवर घ्या. ऑनलाइन चेक-इन ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी पहिल्या तासातच करा, कारण बंदरावर पोहोचण्याच्या वेळा तिथेच वाटल्या जातात आणि चांगल्या वेळा पटापट संपतात. कार्यक्रमांचं आरक्षण असेल तर तेही तेव्हाच. मोठ्या जहाजांवर बर्फावरचा किंवा पाण्यातला खेळ छोट्या प्रेक्षागृहात असतो, आणि आरक्षण नसलेल्यांना दाराशी ताटकळावं लागतं. पहिल्या रात्रीचा खेळ मिळाला तर घ्या. बरेच जण त्या रात्री थकून लवकर झोपतात.

जेवणाचा प्रकारही इथेच ठरवायचा. ठरलेल्या वेळेचं जेवण घेतलंत तर रोज तेच टेबल, तेच वाढपी, आणि रांग नाही. ‘केव्हाही या’ प्रकारात स्वातंत्र्य मिळतं, पण संध्याकाळी साडेसहा-सातला दाराशी थांबावं लागू शकतं. गर्दी नको असणाऱ्याने ठरलेली वेळ घ्यावी. त्यातही उशिराची बैठक जास्त निवांत, कारण लहान मुलांची कुटुंबं लवकरची घेतात.

सहावी पायरी : पहिला दिवस

पहिल्या दिवसाची दुपार ही अख्ख्या सफरीतली सर्वांत वाईट वेळ, आणि नवखे नेमकं तिच्यावरून मत बनवतात. केबिन साधारण दीड वाजेपर्यंत तयार नसतात. मग बारा ते दीडमध्ये चढलेली सगळी माणसं हातातल्या बॅगांसकट बुफेत जातात, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नसतं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात बॅग, खांद्यावर लहान मूल, आणि टेबलांमधून वाट काढत ‘ही जागा रिकामी आहे का’ विचारणारे चेहरे. हे बघून कुणालाही वाटेल की आता सात दिवस हेच.

तसं नसतं. एक तर साडेदहा-अकराची पहिली वेळ घेऊन या, नाहीतर सरळ दुपारी अडीचनंतर या. मध्येच आलात तर बुफेकडे फिरकू नका. पुष्कळ जहाजांवर त्या दुपारी मुख्य भोजनगृहही उघडं असतं, फक्त त्याचा गाजावाजा करत नाहीत. चढल्यावर कर्मचाऱ्याला विचारा. खालच्या मजल्यावरचे छोटे कॅफेही रिकामे असतात. पोहण्याचे कपडे आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवली असतील तर लोक जेवतात तेव्हा तलाव तुमचा, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते.

आणीबाणीची कवायत चुकवायची नाही. जानेवारी 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घेणं बंधनकारक झालं. आता बऱ्याच कंपन्यांत ॲपवर चित्रफीत बघायची आणि आपल्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन नोंद करायची, एवढंच असतं. चढल्यावर लगेच उरकलंत तर शेवटच्या क्षणाची झुंबड लागत नाही, आणि आपत्तीत कुठे जायचं ते डोक्यात पक्कं होतं.

सातवी पायरी : समुद्रातले दिवस आणि घड्याळ

ज्या दिवशी बंदर नाही त्या दिवशी सगळे जहाजावरच असतात. सकाळी आठला पूल डेकवर जाऊन बघा. माणसं मोजकीच, पण पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर टॉवेल चिमट्यांनी अडकवलेले, त्यावर एखादं पुस्तक किंवा एकच चप्पल. माणसं येतात अकराला. अर्धा-पाऊण तास रिकामी राहिलेली खुर्ची मोकळी करायचा नियम बऱ्याच कंपन्यांचा आहे. स्वतः टॉवेल उचलून भांडण ओढवून घेऊ नका, डेकवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. त्याहून सोपा उपाय म्हणजे तलावापासून एक मजला वर किंवा जहाजाच्या मागच्या टोकाला जा. सावली आणि वारा दोन्ही मिळतात. प्रौढांसाठी राखीव डेक बहुतेक मोठ्या जहाजांवर असतो, आणि बरेचदा त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

आता तो खालचा बाहेरचा डेक. जहाजाच्या कडेनं चालायला असलेली ही वाट, बऱ्याचदा डोक्यावर बचावनौका टांगलेल्या, नवख्यांना सापडतच नाही, कारण तिथे ना बार असतो ना संगीत. पाणी जवळ दिसतं, जहाजाच्या पोटाशी फुटणाऱ्या लाटेचा आवाज येतो. भर दुपारी, वर तलावाशी पाय ठेवायला जागा नसताना, इथे चार-दोन चालणारे आणि एखादा पुस्तक वाचणारा एवढेच असतात. पहिल्याच संध्याकाळी नकाशा घेऊन ही वाट शोधून ठेवा. ग्रंथालय, जहाजाच्या पुढच्या बाजूची काचेची बैठक आणि दिवसा बंद वाटणारे लाउंज यांचंही तसंच.

बुफेची गर्दी सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी बारा ते दीड. या वेळांत मुख्य भोजनगृहात बसून नाश्ता करा, किंवा केबिनमध्ये मागवा. जिथे जेवाल तिथे आधी हात साबण-पाण्यानं धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा म्हणावा तसा परिणाम होत नाही.

लिफ्ट भरतात त्या खेळ सुटल्यावर आणि जेवणाच्या तोंडावर. दोन-तीन मजल्यांसाठी जिने वापरा. ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी खेळ संपल्यावर दहा मिनिटं जागेवरच बसून राहावं, नाहीतर मधली लिफ्ट सोडून जहाजाच्या दुसऱ्या टोकाच्या लिफ्टकडे जावं. व्हीलचेअर सोबत असेल तर हे आधीच ठरवा, कारण भरलेल्या लिफ्टमधून कुणी आपण होऊन उतरेल, याची खात्री नसते.

आठवी पायरी : बंदराच्या दिवशी उलट्या दिशेनं जा

जहाज धक्क्याला लागल्यावर पहिल्या पाऊण तासात उतरण्यासाठी दाटी असते. खूप लांब जायचं असेल तर सर्वांत आधी तयार राहा. नसेल तर आरामात नाश्ता करून तासाभरानं उतरा. तोवर रांग संपलेली असते. होडीतून उतरायचं असेल तर क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, आणि कंपनीच्या सहलीला जाणाऱ्यांना आधी सोडतात. स्वतंत्र फिरणार असाल तर चिठ्ठी कधी आणि कुठे मिळते, ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

एखाद्या बंदरात उतरूच नका, असंही मी मनापासून सुचवेन. पाच जहाजं लागलेलं आणि तुम्हाला फारसं आकर्षण नसलेलं बंदर त्यासाठी निवडा. सकाळी दहा ते दुपारी दोन जहाज जवळपास मोकळं होतं. घसरगुंडीला रांग नाही, कोमट पाण्याच्या कुंडात जागा आहे, मालिशचे दरही त्या दिवशी उतरवलेले असतात. लहान मुलांबरोबर असाल तर हा अख्ख्या सफरीतला सर्वांत सुखाचा दिवस ठरू शकतो.

शेवटची सकाळ

उतरण्याच्या सकाळी पुन्हा पहिल्या दिवसासारखी दाटी होते. मोठ्या बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी क्रमांकाप्रमाणे बोलावतात. आपलं सगळं सामान स्वतः ओढत नेता येत असेल तर ‘स्वतः उतरा’ हा पर्याय घ्या आणि अगदी पहिल्यांत निघा. जमत नसेल तर शेवटच्या गटाचा क्रमांक मागून घ्या. मधल्या गटांना लिफ्टशीही थांबावं लागतं आणि बंदरावरच्या तपासणीतही. केबिन आठच्या सुमारास रिकामी करावी लागते, त्यामुळे हातातली बॅग छोटी ठेवा आणि नाश्ता साडेसहालाच उरका. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं घ्या. त्याच दिवशी नवे प्रवासी चढायचे असतात, म्हणून कर्मचारी सगळ्यांना वेळेत उतरवतात, पण धुकं किंवा उशिरा मिळालेला धक्का यावर त्यांचाही इलाज नसतो.